सातव्या माळेची धाव

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले की कर्णपुऱ्याच्या देवीच्या वाटेवर पहाटे एक निराळाच आवाज ऐकू येऊ लागतो. तो आवाज पावलांचा असतो, पण पादत्राणांचा नसतो. उस्मानपुऱ्यातून, छावणीतून, स्टेशनच्या बाजूने माणसे उजाडण्यापूर्वीच निघतात. कुणाच्या हातात ओटीचे ताट असते, कुणाच्या कडेवर झोपेतले मूल असते, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचे पाय उघडे असतात. नऊ दिवस पायांत काही घालायचे नाही, एवढेच ते व्रत. त्याला मंत्र लागत नाही, पुरोहित लागत नाही. जगदंबेच्या भूमीवरून चालताना मध्ये कातड्याचा पडदा नको, इतकी साधी त्यामागची भावना आहे, आणि ज्याने ती एकदा अनुभवली त्याला तिचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

त्या वर्षी पहिल्या माळेला वच्छलाबाई आणि त्यांची मुलगी तनुजा अशाच अनवाणी निघाल्या होत्या. वच्छलाबाईंचे घर कन्नडच्या अलीकडे एका खेड्यात. तिथे त्यांचे यजमान साहेबराव शेती पाहत होते. मुलीच्या शिक्षणासाठी वच्छलाबाई चार वर्षांपूर्वी शहरात आल्या, उस्मानपुऱ्यात घरमालक नानासाहेबांच्या घराच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहू लागल्या, आणि जवळच्या एका खानावळीत सकाळ-संध्याकाळ पोळ्या करू लागल्या. साहेबराव कठोर मनुष्य नव्हते. चार वर्षे ते भावाच्या चुलीवर जेवत होते आणि त्याबद्दल एका शब्दाने कुरकुरले नव्हते. पण मुलीच्या दहावीपर्यंत, त्यापुढे नाही, असे त्यांनी प्रथमच सांगून ठेवले होते. पुढे कुठे चांगल्या ठिकाणी निवड झाली तर तनुजाने खुशाल जावे. न झाली तर दोघींनी परत यावे. हे बोलणे वच्छलाबाईंना अन्यायाचे वाटले नव्हते, आणि म्हणूनच त्यातून सुटण्याची वाट त्यांना दिसत नव्हती.

चांगले ठिकाण तनुजाने स्वतःच शोधले होते. मुलींचे एक सैनिकी निवासी विद्यालय होते. अकरावीला तिथे प्रवेश मिळाला की पुढे लष्करात अधिकारी होण्याची वाट उघडते, असे तिने कुठेतरी वाचले आणि त्यानंतर तिला दुसरे काही दिसेनासे झाले. तिथल्या प्रवेशाच्या लेखी परीक्षेत ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. आता एकच अट उरली होती. तिच्या आताच्या शाळेतील शारीरिक क्षमतेच्या चाचणीत, विशेषतः धावण्यात, ‘अ’ किंवा ‘ब’ श्रेणी हवी. ‘क’ श्रेणीच्या मुलीचा अर्ज पुढे जातच नसे. आणि वयाची मर्यादा अशी होती की पुढच्या वर्षी पुन्हा बसण्याचा प्रश्नच नव्हता.

शाळेचे मैदान मुरमाचे. त्याला तीन फेऱ्या मारायच्या आणि त्या तीन मिनिटांच्या आत पूर्ण करायच्या, म्हणजे मुलींना ‘ब’ मिळे. श्रावणात सराव-चाचणी झाली तेव्हा तनुजाला ‘क’ मिळाली. त्या संध्याकाळी वच्छलाबाई एकट्याच कर्णपुऱ्याला गेल्या आणि देवीपुढे नवस बोलल्या. माझ्या लेकीला या धावण्यातून पार पाड, नवरात्रात ती नऊ दिवस अनवाणी चालेल, मीही चालेन. घरी येऊन त्यांनी तनुजाला ते सांगितले आणि तोंडावर बोट ठेवले. त्यांच्या माहेरी अशी रीत होती की बोललेला नवस फिटेपर्यंत तिसऱ्या कानावर घालायचा नाही. आणि व्रतात जो त्रास होईल त्याचाही उच्चार करायचा नाही. त्रास सांगितला की दिलेले परत मागितल्यासारखे होते. जे दुखेल ते देवीचे, ते तिलाच ठाऊक असावे.

नंतरचे दोन महिने तनुजा रोज सकाळी शाळा भरण्यापूर्वी मैदानावर जाऊ लागली. क्रीडाशिक्षक फारूख सर तिला शिकवीत. त्यांची मुलगी सदफ तनुजाच्याच वर्गात होती आणि वाऱ्यासारखी धावत असे. शाळेच्या फाटकाच्या आत ती वडिलांना ‘सर’ म्हणे आणि फाटकाबाहेर ‘अब्बा’. एकदा चुकून आतच ‘अब्बा’ म्हणाली तेव्हा सरांनी तिला नियमाप्रमाणे एक फेरी जास्त मारायला लावली होती. सर सांगत की टाचेवर पडलात तर जमीन तुम्हाला मागे ओढते, चवड्यावर पडा, म्हणजे तीच पुढे ढकलते. तनुजाने चवड्यावर धावण्याची सवय लावली. सदफ पुढे धावे आणि मागे वळून टोमणे मारी.

“अगं, पळतेस की नवरीसारखी वरातीत चालतेस?”

भाद्रपदात पुन्हा चाचणी झाली आणि तनुजाने ‘ब’ श्रेणी सहज मिळवली. फारूख सर म्हणाले की हे सरावाचे फळ. वच्छलाबाई मनात म्हणाल्या की हे देवीचे. तनुजाला विचारले असते तर तिने दोन्ही मान्य करून तिसरा वाटा सदफच्या टोमण्यांना दिला असता.

मुख्य चाचणी दिवाळीनंतर होणार होती. वच्छलाबाईंचा हिशेब त्यावरच बसलेला होता. नवरात्रात व्रत पुरे होईल, दिवाळीपर्यंत पाय पूर्ववत होतील, मग लेक धावेल. पण घट बसण्याच्या आदल्या दिवशी वरून आदेश आला की सर्व शाळांनी श्रेणींची संगणकावरील नोंद दसऱ्यानंतर लगेच पूर्ण करावी. शाळेने चाचणीचा दिवस अलीकडे आणला. तो आला नेमका सातव्या माळेला.

तनुजाने हे सांगितले तेव्हा वच्छलाबाईंच्या हातातील परडीत काळी माती होती आणि घटाभोवती पसरायची ती माती त्या बराच वेळ तशीच धरून राहिल्या. व्रत पुढच्या वर्षावर ढकलता आले असते का, हा विचार त्यांच्या मनाच्या दारापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. लेकीला ‘ब’ मिळाली ती नवसानंतर. देवीने आपल्या बाजूने दिले होते. आता आपण मागे सरायचे कसे?

पहिल्या दोन माळा सुखाने गेल्या. तिसऱ्या माळेला तनुजाच्या उजव्या पायाच्या चवड्यावर फोड आला. जलवाहिनीसाठी गल्लीतले रस्ते उकरून ठेवलेले होते आणि वर बारीक खडी पसरली होती. शाळा दुपारी सुटे. आश्विनातले ऊन डांबरावर असे साठून राहते की वडाच्या सावलीतली धूळसुद्धा गरम लागते. चौथ्या माळेला डाव्या पायालाही फोड आले. वच्छलाबाईंनी तिच्या तळव्यांना हळद आणि खोबरेल लावले, जुन्या मऊ लुगड्याची पट्टी बांधली आणि पहाटे पट्टी सोडून पुन्हा दोघी देवीला गेल्या. वच्छलाबाईंचे स्वतःचे पाय शेतात वाढलेले होते; त्यांना काहीच झाले नव्हते. वाटेत त्या एकसारख्या मुलीच्या पावलांकडे पाहत होत्या आणि मनातल्या मनात देवीला विनवीत होत्या की हे माझ्या पायांना दे. पण नवस ज्याच्या नावाने बोललेला असतो त्यानेच तो फेडायचा असतो, हेही त्यांना माहीत होते.

पाचव्या माळेला फोड फुटले.

त्याच दिवशी प्रार्थनेच्या वेळी फारूख सरांनी सर्व वर्गांना एक सूचना दिली. ज्या मुलीला दुखापत असेल, ताप असेल, तिने धावण्यापूर्वी येऊन सांगावे. अशांसाठी दसऱ्यानंतरचा एक दिवस राखून ठेवला आहे. मात्र जी एकदा रेषेवर उभी राहिली आणि धावली, तिची तीच वेळ नोंदवली जाईल. ही गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. शेवटी त्यांनी बुटांची आठवण दिली. मागच्या वर्षी मैदानावरच्या काचेने एका मुलीचा पाय कापला होता, तेव्हापासून ते कुणालाही अनवाणी धावू देत नसत.

संध्याकाळच्या आरतीपूर्वी तनुजाने आईला हे सारे सांगितले. सांगताना ती भिंतीला टेकून बसली होती आणि पाय तिने परकराखाली ओढून घेतले होते.

“राखीव दिवशी पळू का आई? सर काय म्हणणार नाहीत.”

वच्छलाबाई नंदादीपाची वात पुढे सारीत होत्या. त्यांच्या मनात त्या क्षणी किती गोष्टी एकदम उभ्या राहिल्या. सर विचारतील, कशाने झाले? मग व्रत सांगावे लागेल, त्रास सांगावा लागेल. सर ते कागदावर लिहितील, आणि सैनिकी विद्यालयातले कुणीतरी वाचील की या मुलीच्या पायात दोष आहे. आणि या सगळ्याच्या पलीकडे एक भीती होती, जी त्यांना शब्दांत मांडता आली नसती. देवी या नऊ दिवसांत जागी असते. दसऱ्याला ती सीमोल्लंघन करून विसावते. राखीव दिवस दसऱ्यानंतरचा होता. त्या दिवशी आपल्या लेकीच्या पाठीशी कोण असेल?

“दुखतंय व्हय लई?” त्यांनी विचारले.

“नाय. जरा.”

“मग सातव्या माळेलाच पळ. आपण द्यायला निघालो अन् मधूनच दुखतंय म्हणून सांगायचं, हे बरं नाय. दोन दिवसांचा तर प्रश्न हाय. ती घेईल सांभाळून.”

तनुजाने मान हलवली. ती पंधरा वर्षांची होती, आईवर तिचा विश्वास होता आणि देवीवरही होता. त्या वयात हे दोन विश्वास वेगळे नसतात.

बुटांचा प्रश्न मात्र उरला. सहाव्या माळेच्या सकाळी वच्छलाबाई खाली नानासाहेबांकडे गेल्या. नानासाहेबांनी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले होते आणि गल्लीतली माणसे सोयर-सुतकापासून वास्तुशांतीपर्यंत सर्व शंका त्यांनाच विचारीत. ते अंगणात तुळशीला पाणी घालीत होते. वच्छलाबाईंनी विचारले की अनवाणी व्रतात असलेल्या मुलीला शाळेच्या नियमासाठी थोडा वेळ बूट घालावे लागले तर चालते का.

नानासाहेबांनी तांब्या खाली ठेवला. अशा प्रश्नावर ते कधी घाईने बोलत नसत. व्रताचा हेतू काय, त्याला बाध कशाने येतो, याचा त्यांनी मनाशी विचार केला आणि मग सांगितले की निषेध चामड्याचा मानला जातो. कापडाचे बूट हे वस्त्रच. वस्त्राने व्रताला बाध येत नाही, आणि गुरूची आज्ञा पाळण्यासाठी घातलेले असेल तर मुळीच नाही.

“पाय बरे आहेत ना मुलीचे?” त्यांनी सहज विचारले.

“बरे हायेत,” वच्छलाबाई म्हणाल्या.

त्या जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांचे मन थोडे हलके झाले होते. शास्त्राने वाट दिली होती. त्या वाटेवर चालणारे पाय कसे आहेत हे शास्त्राला सांगितलेच गेले नव्हते.

सातव्या माळेच्या पहाटे दोघी कर्णपुऱ्याला गेल्या. यात्रेतली खेळण्यांची आणि प्रसादाची दुकाने अजून कनाती लावून बंद होती. तनुजा पावलाची बाहेरची कड टेकवून चालत होती. देवीसमोर उभी राहिल्यावर तिने डोळे मिटले आणि वच्छलाबाईंना तिचे ओठ हलताना दिसले. ती काय म्हणाली हे त्यांनी विचारले नाही.

घरी येऊन त्यांनी तिचे तळवे कोमट पाण्याने धुतले, हळद भरली, कापूस ठेवला आणि वरून पांढरे मोजे चढवले. मग कापडी बूट. बूट चढवताना तनुजाने खालचा ओठ दातांखाली धरला. मोज्यांवर आणि बुटांवर आता काहीच दिसत नव्हते. शाळेच्या गणवेशातली कुठलीही मुलगी दिसावी तशी ती दिसत होती, आणि ते पाहून वच्छलाबाईंना क्षणभर खरेच वाटले की सारे ठीक आहे.

त्या दिवशी त्या खानावळीत गेल्या नाहीत. मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळ, आणखी दोन-तीन पालकांबरोबर जाऊन उभ्या राहिल्या. मैदानावर फक्कीने नव्या पांढऱ्या रेषा आखलेल्या होत्या. फारूख सर शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभे होते. आपली मुलगी याच गटात धावणार म्हणून त्यांनी शिट्टी दुसऱ्या शिक्षिकेकडे दिली होती आणि दुसरे एक स्टॉपवॉच दहावीच्या वर्गशिक्षकांच्या हाती ठेवले होते. पुढे कुणी बोट दाखवू नये, एवढ्यासाठी.

रेषेवर उभे राहण्यापूर्वी त्यांनी विचारलेच. कुणाला काही त्रास आहे का? असेल तर आता बाजूला व्हा.

तनुजाने टाकीकडे पाहिले. वच्छलाबाईंनी दोन्ही हात छातीशी जोडले. तनुजाने मान वळवली आणि पुढे पाहिले.

सदफ तिच्या शेजारी होती. तिने तनुजाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले आणि हळूच विचारले, “काय झालं गं? पांढरी पडलीस.”

“काय नाही. तू पुढं रहा फक्त.”

शिट्टी वाजली.

पहिली फेरी बरी गेली. सदफ पुढे, तिच्या मागे चार-पाच जणी आणि त्यांच्यात तनुजा. वच्छलाबाईंना वेळ कळत नव्हती, पण मुलगी घोळक्यात आहे एवढे त्यांना पुरत होते. त्यांच्या ओठांवर नाम चालू होते. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर घोळका लांबला आणि तनुजा त्याच्या शेपटाला आली. तिची धाव बदलली होती. गुडघे उचलेनासे झाले होते आणि पाऊल आधी टाचेवर पडत होते. वच्छलाबाईंना हे पाहून का कोण जाणे बरे वाटले. टाचेला फोड नव्हते.

फारूख सरांनाही ते दिसले. त्यांना त्याचे कारण माहीत नव्हते. दोन महिन्यांची मेहनत मुलगी थकव्याने विसरते आहे, एवढेच त्यांना वाटले, आणि ती समोरून जाताना त्यांनी कळकळीने आवाज दिला.

“तनुजा, चवडा! चवड्यावर ये, बेटा. अजून वेळ हातात आहे.”

आणि तनुजाने ऐकले. गुरूने सांगितले म्हणून ऐकले की वेळ हातात आहे हे ऐकून तिला आशा आली, हे सांगणे कठीण आहे. तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला ती चवड्यावर आली आणि एकदम पुढे झेपावली. दोघींना तिने मागे टाकले. सदफ पुढून ओरडत होती, पण आता तो टोमणा नव्हता. वच्छलाबाई नकळत टाकीपासून चार पावले पुढे आल्या. मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ती तशीच धावली. तिथल्या वळणावर तिचे उजवे पाऊल पडले आणि तिचा सगळा देह त्या एका पावलाभोवती आकसला. ती पडली नाही. ती थांबलीही नाही. पण त्यानंतर जे तिने केले त्याला धावणे म्हणता येत नाही. एकेक पाऊल ती जणू विस्तवावर ठेवीत होती आणि उचलीत होती, आणि दोन्ही हात हवेत असे धरले होते की कुणीतरी ते पकडील.

मागे टाकलेल्या दोघी तिच्या पुढे गेल्या. मग आणखी एक. सदफ रेषा ओलांडून वळली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

तनुजाने रेषा ओलांडली आणि ती तिथेच मुरमावर बसली.

फारूख सरांनी स्टॉपवॉचकडे पाहिले, वर्गशिक्षकांनी त्यांच्याकडच्या स्टॉपवॉचकडे पाहिले, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. तीन मिनिटांवर अकरा सेकंद झाले होते.

तोवर सदफ खाली बसून तनुजाच्या बुटांच्या नाड्या सोडीत होती. उजवा बूट निघाला तेव्हा आतला पांढरा मोजा चवड्यापाशी पांढरा राहिलेला नव्हता. सदफने वडिलांना हाक मारली आणि या वेळी तिच्या तोंडून ‘अब्बा’ असेच निघाले. फारूख सर आले, गुडघ्यांवर बसले, त्यांनी मोजा पाहिला आणि तो ओढून काढू दिला नाही. आधी पाणी आणायला सांगितले. मग त्यांनी तनुजाला विचारले की हे केव्हापासून आहे. तिने आईकडे पाहिले.

वच्छलाबाई धावत आल्या होत्या. सरांच्या चेहऱ्यावर त्यांना जे दिसले त्यावरून वेळ सांगावी लागली नाही. आणि मग, इतके दिवस जे त्यांनी ओठांच्या आत राखले होते ते त्यांनी सर्वांसमोर सांगून टाकले. नवस सांगितला. कशासाठी बोलला ते सांगितले. तिसऱ्या माळेचा फोड, पाचव्या माळेला फुटलेले पाय, हळद, पट्टी, नानासाहेबांना लपवलेली गोष्ट, सारे सांगितले. धावून दम खात बसलेल्या मुली ऐकत होत्या, टाकीजवळचे पालक ऐकत होते. सांगता सांगता त्यांनी पदर पसरला.

“सर, तुम्हीच म्हणला व्हता, दुखापत असल तर राखीव दिवस हाय. तिला दुखापत हाय. बघा की. आज पळालीच नाय असं धरा. दसऱ्यानंतर पळवा तिला.”

फारूख सर उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

“ताई, रेषेवर उभी राहायच्या आधी एक शब्द सांगितला असता. कारणही विचारलं नसतं मी. नवरात्रात अर्धा वर्ग अनवाणी येतो, मला का कळत नाही?”

“चुकलं माझं. आता सांगतेय ना?”

“आता ती पळाली. दोन घड्याळांनी पाहिलं, सगळ्या मुलींनी पाहिलं. माझी पोरगी याच गटात आहे. आज तुमच्या मुलीची धाव मी पुसली, तर उद्या माझ्या मुलीची कुणी खरी मानणार नाही. कुणाचीच मानणार नाही.”

वच्छलाबाई वर्गशिक्षकांकडे वळल्या. त्यांनी नजर खाली घातली. त्या पुन्हा फारूख सरांकडे वळल्या आणि त्यांच्या पायांकडे वाकू लागल्या, तेव्हा सर दोन पावले मागे सरले आणि असे करू नका म्हणून त्यांनी हात जोडले. शेवटी ते म्हणाले की वेळ आहे तीच लिहावी लागेल, पण शेऱ्याच्या जागी पायाच्या जखमेची नोंद मी करीन. विद्यालयाला वेगळे पत्रही लिहीन.

“त्यानं व्हईल का?”

“खोटं सांगत नाही ताई,” फारूख सर म्हणाले. “‘क’ श्रेणीचा अर्ज ते उघडत नाहीत, असं ऐकलंय.”

सदफने बाटलीतले पाणी आणले होते. वच्छलाबाई मुलीसमोर बसल्या आणि त्यांनी तिचा पाय मांडीवर घेण्यासाठी हात पुढे केला. तनुजाने पाय मागे ओढला. इतक्या वेदनेतही तिने तो इतक्या चपळाईने ओढला की वच्छलाबाईंचा हात तसाच राहिला.

“सांगायचंच होतं,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. “मग परवा का नाय सांगू दिलंस?”

परवा जे सांगितल्याने लेकीचे सारे वाचले असते, ते वच्छलाबाईंनी देवीसाठी राखले. आणि आज जे सांगून काहीच वाचणार नव्हते, ते चव्हाट्यावर मांडले. नवसही गेला होता आणि धावही गेली होती. दसऱ्याला साहेबराव येणार होते, सोने वाटायला आणि निकाल विचारायला. दोष देता येईल असे साहेबरावांनी काहीच केले नव्हते. फारूख सरांनी केले नव्हते. आणि देवीकडे बोट दाखवण्याचा विचार मनात आला तशी वच्छलाबाईंनी स्वतःच्याच थोबाडीत हळूच मारून घेतली.

तनुजाने दोन्ही पाय सदफपुढे केले. सदफने मोजा भिजवला, कडेकडेने सोडवला आणि कापूस चिकटलेल्या जागेवर थेंब थेंब पाणी सोडू लागली. ती रडत होती. तनुजा रडत नव्हती. समोर मैदानाच्या त्या पलीकडच्या वळणाकडे ती पाहत होती.

पुढच्या गटातल्या मुली रेषेशी गोळा झाल्या होत्या. शिक्षिकेने लांबूनच विचारले की सुरू करायचे का. फारूख सरांनी थांबायची खूण केली, वाकून तनुजाला खांद्याखाली धरले आणि सदफच्या मदतीने तिला पांढऱ्या रेषेच्या बाहेर, टाकीच्या कट्ट्यावर नेऊन बसवले. वच्छलाबाई दोन्ही बूट उचलून मागून आल्या. कट्ट्यावर लेकीच्या शेजारी जागा होती. त्या तिथे बसल्या नाहीत, खाली जमिनीवर बसल्या.

मग फारूख सर रेषेकडे परत गेले, त्यांनी स्टॉपवॉच शून्यावर आणले, आणि मुलींना विचारले की कुणाला काही त्रास आहे का, असेल तर आता बाजूला व्हा. या वेळी ते फार वेळ थांबले. त्यांनी एकेका मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि नंतर एकेकीच्या पायांकडे.

कुणीच बाजूला झाले नाही. शिट्टी वाजली.